अंधारातली मोजदाद : लेओनार्ड ऑयलर आणि एक दहा अंकी संख्या

ही संख्या आधी एकदा मोठ्याने वाचा : २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज, चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. दिसायला ती इतर कोणत्याही दहा अंकी संख्येसारखीच आहे. दोन हा अंक एकतीस वेळा मांडून त्यांचा गुणाकार केला आणि त्यातून एक वजा केला की ही संख्या मिळते. हिला एक आणि ती स्वतः यांच्याखेरीज कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. अशा संख्येला मराठी पुस्तकात ‘मूळ संख्या’ म्हणतात. माझ्यासारखे हिंदी माध्यमातून शिकलेले लोक तिला ‘अभाज्य संख्या’ म्हणून ओळखतात. नावे दोन असली तरी गोष्ट एकच.

आता जरा विचार करा. कोणतीही लहान संख्या मूळ आहे की नाही हे आपण वहीत तपासू शकतो. पण दहा अंकांची संख्या हाताने कशी तपासायची? आणि ज्याला वहीच दिसत नाही, त्याने काय करायचे? १७७२ साली ही संख्या मूळ असल्याचे ज्यांनी दाखवून दिले, ते गृहस्थ तेव्हा पासष्ट वर्षांचे होते आणि त्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हते. त्यांचे नाव लेओनार्ड ऑयलर. त्यांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावे, म्हणून हा लेख.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल या गावी झाला. वडील पाद्री होते. बाझेलजवळच्या रीहेन या खेड्यात त्यांची नेमणूक झाली आणि लेओनार्डचे बालपण तिथेच गेले. वडिलांनी स्वतः तरुणपणी याकोब बेर्नुली या मोठ्या गणितज्ञाची व्याख्याने ऐकलेली होती, त्यामुळे मुलाला गणिताचे पहिले धडे घरातच मिळाले. पुढे बाझेलच्या ज्या शाळेत त्याला घातले, तिथे लॅटिन शिकवीत, पण गणित नव्हतेच. तेराव्या वर्षी तो विद्यापीठात दाखल झाला. मुलाने आपल्यासारखेच पाद्री व्हावे अशी वडिलांची इच्छा होती.

त्या विद्यापीठात याकोबचे धाकटे भाऊ योहान बेर्नुली शिकवीत. त्या काळी युरोपातील पहिल्या दर्जाच्या गणितज्ञांत त्यांची गणना होई. लेओनार्डने त्यांच्याकडे खासगी शिकवणीची विनंती केली. वेळ नाही म्हणून त्यांनी ती नाकारली. पण एक वाट मोकळी ठेवली : गणिताची अवघड पुस्तके स्वतःच वाचायची आणि जिथे अडेल तेवढेच शनिवारी दुपारी येऊन विचारायचे. लेओनार्डने ठरवले की गुरूंना शक्य तितके कमी प्रश्न विचारावे लागावेत. त्यासाठी तो आठवडाभर एकेका अडचणीशी झगडत राही. पुष्कळदा असे होई की एक गाठ सुटली की तिच्यामागच्या दहा गाठी आपोआप सुटत. आज शिकवणी वर्गांच्या वेळापत्रकात मुलांचा आठवडा गच्च भरलेला असतो, तेव्हा पालकांनी या शनिवार दुपारीचा थोडा विचार करावा असे मला वाटते. शेवटी योहान बेर्नुली यांनीच वडिलांची समजूत घातली आणि मुलगा गणिताकडे वळला.

वयाच्या विसाव्या वर्षी, १७२७ साली, ऑयलर रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे गेले. झार पीटर यांच्या योजनेतून तिथे नवी विज्ञान अकादमी सुरू झाली होती आणि योहान बेर्नुली यांचा मुलगा डॅनियल तिथे आधीच काम करीत होता. पुढे १७३३ साली डॅनियल बाझेलला परतले आणि त्यांची गणिताची जागा ऑयलर यांना मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी काटारीना ग्झेल या चित्रकाराच्या मुलीशी विवाह केला. त्यांना तेरा अपत्ये झाली, पण त्यांपैकी पाचच लहानपणातून वाचली. घरात मुले अंगाखांद्यावर खेळत असतानाही ते शांतपणे लिहीत बसत, असे त्यांच्याविषयी सांगतात.

या अकादमीत क्रिस्टियान गोल्डबाख नावाचे एक विद्वान होते. त्यांना मोठमोठ्या पूर्ण संख्यांचे फार वेड. डिसेंबर १७२९ मध्ये त्यांनी पत्रातून ऑयलर यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला. तो समजून घेण्यासाठी आपल्याला आणखी शंभर वर्षे मागे, फ्रान्समध्ये जावे लागेल.

फ्रान्समधील पिएर द फेर्मा हे व्यवसायाने न्यायखात्यातील अधिकारी, पण गणितात त्यांची गती असामान्य होती. त्यांनी एक संख्यामाला पाहिली : ३, ५, १७, २५७, ६५,५३७. तीनमधून एक वजा केला की २ उरतो. त्याचा वर्ग करून एक मिळवला की ५. त्या ५ मधून पुन्हा एक वजा करून वर्ग केला आणि एक मिळवला की १७. असेच पुढे जायचे. या पाचही संख्या मूळ आहेत. फेर्मा यांनी मानले की ही माला कितीही लांबवली तरी प्रत्येक संख्या मूळच निघेल. सहावी संख्या होती ४,२९,४९,६७,२९७. ही एवढी मोठी संख्या तपासायची कोणी? फेर्मा यांचे नाव मोठे होते, त्यामुळे त्यांचा अंदाजही खरा असणार असे धरून चालणे सोपे होते.

ऑयलर यांना आधी या प्रश्नात फारसा रस वाटला नाही, पण गोल्डबाख यांनी पिच्छा सोडला नाही. अखेर १७३२ साली ऑयलर यांनी दाखवून दिले की या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार येतो ६७,००,४१७. आमच्या वरच्या वर्गातील मुलांनी हा गुणाकार कागदावर करून पाहावा, पाच मिनिटांचे काम आहे.

पण ६४१ हीच संख्या सापडली कशी? २, ३, ५, ७ असे एकामागून एक भाग देत बसले तर ६४१ पर्यंत पोचायला शंभराहून अधिक भागाकार करावे लागतात. यामागची युक्ती ऑयलर यांनी नंतरच्या लेखनात सिद्धतेसह मांडली. या विशिष्ट संख्येला भाग जायचाच असेल, तर भाजक मूळ संख्येला ६४ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. म्हणजे ६५, १२९, १९३, २५७ अशा संख्याच तपासायच्या आणि त्यांतल्याही मूळ तेवढ्याच. त्या अशा : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. चार वेळा बाकी उरते आणि पाचव्या वेळी काम होते. शंभराहून अधिक भागाकारांचे काम पाच भागाकारांवर आले. पहाडे पाठ असणे चांगलेच (महाराष्ट्रात त्यांना पाढे म्हणतात), पण कोणता पहाडा म्हणायची गरजच नाही हे ओळखणे त्याहून मोलाचे.

हा काळ ऑयलर यांच्या भरभराटीचा होता. १७३५ साली त्यांनी बाझेलचा प्रश्न म्हणून गाजलेले कोडे सोडवले. एक, एक चतुर्थांश, एक नवमांश, एक सोळांश असे सर्व वर्गसंख्यांचे व्यस्त मिळवत गेले तर बेरीज किती होईल, असा तो प्रश्न. मोठमोठ्यांना ते जमले नव्हते. ऑयलर यांनी उत्तर काढले : पायच्या वर्गाचा सहावा भाग. त्याच सुमारास क्योनिग्सबर्ग गावातील सात पुलांचा प्रश्न त्यांनी हातात घेतला. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे गाव फिरता येणार नाही हे त्यांनी सिद्ध केले आणि त्यातून आलेखांच्या गणिताची एक नवी शाखा जन्माला आली. वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी पाय हे चिन्ह आपण वापरतो. ते रूढ झाले मुख्यतः ऑयलर यांच्या पुस्तकांमुळे.

याच दिवसांत संकटांनाही सुरुवात झाली. १७३५ साली त्यांना जिवावरचा ताप आला. त्यातून ते वाचले, पण १७३८ पर्यंत उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. वय होते एकतीस. एका डोळ्याने त्यांनी काम पुढे चालू ठेवले.

१७४१ साली प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या निमंत्रणावरून ऑयलर सहकुटुंब बर्लिनला गेले आणि पंचवीस वर्षे तिथे राहिले. अनंत प्रक्रियांच्या विश्लेषणावरील त्यांचा गाजलेला ग्रंथ १७४८ साली आणि कलनशास्त्रावरील ग्रंथ १७५५ साली प्रसिद्ध झाला. राजाच्या नात्यातील एका राजकन्येला विज्ञान समजावून सांगण्यासाठी त्यांनी दोनशेहून अधिक पत्रे लिहिली. प्रकाश, ध्वनी, गुरुत्वाकर्षण, तर्कशास्त्र असे विषय त्यांत सोप्या भाषेत आले आहेत. पुढे ती पुस्तकरूपाने छापली गेली आणि अनेक भाषांत वाचली गेली. अवघड विषय सोपा करून सांगणे हे कमी प्रतीचे काम आहे असे त्यांना कधी वाटले नाही.

राजाशी मात्र त्यांचे जमले नाही. फ्रेडरिकला चुरचुरीत बोलणारे, दरबारी वळणाचे विद्वान आवडत. ऑयलर साधे, धार्मिक, कुटुंबवत्सल आणि मितभाषी होते. राजाने त्यांच्या एका डोळ्यावरूनही थट्टा केली, ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसाशी त्यांची तुलना केली. अपंगत्वाची थट्टा राजाने केली म्हणून ती थोर होत नाही, हेही मुलांनी लक्षात ठेवावे. फ्रेडरिकच्या सेवेत पंचवीस वर्षे काढून १७६६ साली ऑयलर पुन्हा पीटर्सबर्गला परतले. तिथे आता दुसरी कॅथरीन ही सम्राज्ञी होती आणि तिने त्यांचे सन्मानाने स्वागत केले.

परतल्यावर लगेचच उरलेल्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढला. वाचणे बंद झाले. एखाद्या मोठ्या पाटीवर खडूने ठळक आकडे काढले तर तेवढे कसेबसे दिसत. १७७१ साली शस्त्रक्रिया झाली, काही दिवस दृष्टी परतली आणि पुन्हा गेली. त्याच वर्षी पीटर्सबर्गमध्ये मोठी आग लागून त्यांचे घर जळाले. पीटर ग्रिम नावाच्या, बाझेलहूनच आलेल्या एका साध्या माणसाने आत शिरून या आंधळ्या वृद्धाला बाहेर काढले. हस्तलिखितेही बहुतेक वाचली. दोन वर्षांनी, १७७३ साली, पत्नी काटारीना वारल्या.

एखाद्याने इथे हात टेकले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता. ऑयलर यांनी काय केले? त्यांनी लेखनिक नेमले. मुलगा योहान आल्ब्रेख्त, अकादमीतील तरुण सहकारी आणि नंतर बाझेलहून आलेले निकोलाउस फुस यांना ते तोंडी मजकूर सांगत. बीजगणितावरील त्यांचे सुप्रसिद्ध पाठ्यपुस्तक त्यांनी एका शिंप्याच्या उमेदवाराला सांगून लिहवून घेतले. त्या तरुणाला गणिताचे शिक्षण नव्हते, पण लिहिता लिहिता तो बीजगणित शिकला. ज्या पुस्तकाचा लेखनिकच ते पुस्तक समजून घेतो, ते मुलांना समजायला अडचण कशी येईल? एक ते शंभर या संख्यांचे पहिले सहा घात ऑयलर यांना पाठ होते, असे सांगितले जाते. लॅटिन कवी व्हर्जिल याचे महाकाव्य तर त्यांना मुखोद्गत होतेच. आपल्याकडे पाठांतराची जुनी परंपरा आहे. तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण ऑयलर यांच्या बाबतीत पाठांतर हे साधन होते. त्यावर उभा होता तो विचार.

आता आपल्या दहा अंकी संख्येकडे वळू. दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या संख्यांचा नाद फार जुना आहे. दोनचा दुसरा घात ४, वजा एक म्हणजे ३. तिसरा घात ८, वजा एक ७. पाचवा ३२, वजा एक ३१. सातवा १२८, वजा एक १२७. या सगळ्या मूळ संख्या. पण अकरावा घात घेतला तर २,०४७ मिळतात आणि ते २३ गुणिले ८९ आहेत. म्हणजे नियम सरसकट चालत नाही, प्रत्येक संख्या तपासावी लागते. १६४४ साली फ्रान्समधील मेर्सेन नावाच्या धर्मगुरूंनी अशा संख्यांची एक यादी दिली. तीत एकतीसावा घात होता, सदुसष्टावा होता, दोनशे सत्तावन्नावाही होता. पुढच्या गणितज्ञांनी तपासले तेव्हा शेवटचे दोन्ही दावे चुकीचे ठरले. त्यामुळे यादीत नाव आहे म्हणून संख्या मूळ मानता येत नव्हती.

एकतीसाव्या घाताचे काय? कोणतीही संख्या दोन भागांच्या गुणाकारात फुटत असेल तर त्यांतला एक भाग तिच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही. आपल्या संख्येचे वर्गमूळ सुमारे ४६,३४० आहे. म्हणजे तेवढ्यापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भाग देऊन पाहायचा. अशा संख्या जवळजवळ ४,८०० आहेत. एका माणसाला हे काम महिनोन्महिने पुरेल.

ऑयलर यांनी पुन्हा तीच वाट धरली : आधी विचार, मग भागाकार. या संख्येला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर त्या भाजकाला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. (२,०४७ मध्ये हाच नियम पाहा. तिथे अकरावा घात होता म्हणून ६२ च्या जागी २२ येतात. २३ आणि ८९ या दोघांनाही २२ ने भागले की बाकी १ उरते. ८ ने भागले की २३ ची बाकी ७ आणि ८९ ची १.) या दोन्ही अटी एकत्र केल्या की फक्त दोन प्रकारच्या संख्या उरतात : ज्यांना २४८ ने भागल्यावर बाकी १ उरते त्या आणि ज्यांची बाकी ६३ उरते त्या. ४६,३४० पर्यंत पहिल्या प्रकारच्या १८६ संख्या आहेत. दुसऱ्या प्रकारच्या, खुद्द ६३ सोडली तर, १८६. एकूण ३७२. त्यांतल्याही पुष्कळ मूळ नाहीतच, त्या गाळता येतात. उरलेल्या प्रत्येकीने भाग देऊन पाहिला. एकीनेही भाग गेला नाही. संख्या मूळ ठरली. ही त्या वेळेपर्यंत माहीत झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती आणि पाऊणशे वर्षांहून अधिक काळ तिचा मान टिकला.

त्यातून आणखी एक गोष्ट मिळाली. ज्या संख्येच्या, ती स्वतः सोडून, सर्व विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच येते तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. जसे ६ चे विभाजक १, २, ३ आणि त्यांची बेरीज ६. तसेच २८. ग्रीक गणितज्ञ युक्लिड यांनी दोन हजार वर्षांपूर्वी दाखवले होते की वरच्या प्रकारची प्रत्येक मूळ संख्या एक परिपूर्ण संख्या देते. उलट बाजूने, प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रीतीने मिळते, हे ऑयलर यांनी सिद्ध केले. आपल्या संख्येपासून मिळणारी परिपूर्ण संख्या एकोणीस अंकांची आहे : २३०५८४३००८१३९९५२१२८. विषम परिपूर्ण संख्या असते की नाही, हे मात्र अजूनही कोणाला सांगता आलेले नाही.

१८११ साली बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने लिहिले की यापुढची परिपूर्ण संख्या कधी कोणी शोधणार नाही, कारण या गोष्टी केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत. १८७६ साली फ्रान्सच्या ल्युका यांनी दोनच्या एकशे सत्ताविसाव्या घातातून एक वजा केलेली एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले. २०२४ साली संगणकांच्या साहाय्याने या प्रकारची जी मूळ संख्या सापडली, तिच्यात चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक आहेत. यावरून बार्लो यांची भविष्यवाणी किती खरी ठरली ते दिसते.

उपयोगाचा प्रश्न मात्र आमचे पालक नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. भागाकाराच्या बाक्यांविषयी ऑयलर यांनी सिद्ध केलेल्या एका प्रमेयावर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी गुप्त संदेशांची एक पद्धत उभारली. संगणकांवरून जाणारे पैशांचे व्यवहार आणि पत्रव्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी ती जगभर वापरली गेली. ऑयलर यांनी ते यासाठी केले नव्हते. त्यांना फक्त खरे काय ते जाणून घ्यायचे होते. उपयोग दोनशे वर्षांनी आला.

इथवर वाचून कोणाला वाटेल की ऑयलर कधी चुकतच नसत. तसे नाही, आणि आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट इथेच आहे. १७८२ साली त्यांनी छत्तीस अधिकाऱ्यांचे कोडे प्रसिद्ध केले. सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा हुद्द्यांचे एकेक अधिकारी. या छत्तीस जणांना सहा ओळी आणि सहा रांगांच्या चौकोनात असे उभे करायचे की प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. हे जमणार नाही असे ऑयलर यांनी म्हटले आणि ते बरोबरच होते. पण त्यांनी पुढे अंदाज केला की १०, १४, १८, २२ अशा आकारांतही ते अशक्य असावे. पावणेदोनशे वर्षे तो अंदाज तसाच उभा राहिला.

१९५९ साली तो मोडला. मोडणारे तिघे होते : राजचंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अमेरिकेचे पार्कर. बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चा चौकोन तयार केला, पार्कर यांनी १० चा आणि मग तिघांनी मिळून दाखवले की ६ च्या पुढे कुठेच अडचण नाही. ही बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर झळकली. बोस यांचा जन्म होशंगाबादचा, म्हणजे आजच्या नर्मदापुरमचा. श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागरचा, जिथे पेशवाईपासून मराठी घराणी वसलेली आहेत. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी वारले. म्हणजे ऑयलर यांचा अंदाज खोटा पाडणाऱ्या तिघांपैकी दोघे आपल्या मध्य प्रदेशच्या मातीत जन्मलेले. आपल्या मुलांना हे माहीत नसेल तर तो आपल्या शिक्षकांचा आणि पालकांचा, दोघांचाही विषय आहे.

यात ऑयलर यांचा अपमान झाला का? मुळीच नाही. फेर्मा यांचा अंदाज ऑयलर यांनी तपासला, ऑयलर यांचा श्रीखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. थोरांचा आदर करण्याची गणितातली रीत हीच आहे : त्यांचे म्हणणे मनापासून तपासून पाहायचे.

१८ सप्टेंबर १७८३ हा ऑयलर यांचा शेवटचा दिवस. सकाळी त्यांनी नातवंडाला गणिताचा पाठ दिला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आकाशात फुगे सोडण्याचे प्रयोग सुरू झाले होते, त्यांच्या गतीचे गणित त्यांनी केले. दोन वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी सहकाऱ्यांशी चर्चा केली. दुपारी उशिरा त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि रात्री ते गेले. वय शहात्तर. त्यांच्या लेखनाची मोजदाद विसाव्या शतकाच्या आरंभी झाली तेव्हा ८६६ कृती भरल्या. त्यांच्या एकूण लेखनाचा जवळजवळ अर्धा भाग दृष्टी गेल्यानंतरचा आहे. मृत्यूनंतरही सुमारे पन्नास वर्षे अकादमी त्यांचे शिल्लक लेख छापत होती.

त्या दहा अंकी संख्येची एक आधुनिक गंमतही सांगतो, म्हणजे मुलांना ती लक्षात राहील. पुष्कळ जुन्या संगणकांत पूर्ण संख्या साठवायला बत्तीस खाने असत. त्यांतला एक धन-ऋण चिन्हासाठी, उरलेले एकतीस. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी हीच : २,१४,७४,८३,६४७. अनेक संगणक १ जानेवारी १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद मोजून वेळ सांगतात. ज्या यंत्रांत अजून बत्तीसच खाने असतील, त्यांचे माप १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटे आणि सात सेकंदांनी, भरून जाईल. पुढच्या सेकंदाला ते यंत्र स्वतःला १९०१ सालच्या डिसेंबरात समजू लागेल. म्हणूनच नव्या यंत्रांत चौसष्ट खाने ठेवतात. त्या सकाळी आपल्या शाळेतली आजची लहान मुले कॉलेजात किंवा नोकरीत असतील. त्यांनी घड्याळाकडे पाहून पीटर्सबर्गच्या त्या आंधळ्या आजोबांची आठवण काढावी.

तोपर्यंत एक स्वाध्याय. दोनचा तेविसावा घात ८३,८८,६०८ आहे. त्यातून एक वजा करा. जी संख्या मिळेल ती मूळ नाही. तिचा सर्वांत लहान विभाजक शोधून काढा. भाजकाला ४६ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७, एवढी सूचना पुरे आहे. कॅल्क्युलेटर घ्यायचा नाही. उत्तर वर्गशिक्षकांकडे द्यावे, आणि केवळ उत्तर नको, कोणकोणत्या संख्या तपासायची गरज पडली नाही आणि का, तेही लिहावे. गुण त्यालाच आहेत.